जुनी बॅन्जो-युकुलेली: घडण, ओळख आणि निगा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅन्जो-युकुलेली म्हणजे नक्की कोणतं वाद्य?

चार तारांचं, हातभर लांबीचं छोटं वाद्य. दांडी, पडदे (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि लावणी (तारा सुरात लावायची पद्धत) युकुलेलीची, म्हणजे छोट्या गिटारसारख्या वाद्याची; पोट मात्र बॅन्जोचं, म्हणजे गोल कड्यावर ताणलेलं कातडं. युकुलेली वाजवता येणाऱ्याला हे हातात घेतल्या घेतल्या वाजवता येतं, काही नवीन शिकावं लागत नाही. आवाज मात्र कितीतरी मोठा आणि खणखणीत. बॅन्जोलेली या नावानंही ती ओळखली जाते. या पानावर बोलायचं आहे ते प्रामुख्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बनलेल्या वाद्यांबद्दल.

गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो आणि हे एकच का?

नाही. आपल्याकडे बेंजो म्हणतात त्यात टाइपरायटरसारखी बटणं असतात, ती दाबली की तार योग्य जागी दाबली जाते. त्याचं मूळ जपानी ‘ताइशोगोतो’त आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते वाद्य १९१२ मध्ये तयार केलं. तेच भारतात येऊन बुलबुल तरंग झालं आणि पुढे पिकअप (आवाज विजेवर मोठा करण्यासाठीचं साधन) बसवून बेंजो पथकांत स्थिरावलं. त्यात ताणलेलं कातडं नसतं. बॅन्जोची जात ठरते ती कातड्यावरून, त्यामुळे या दोन वाद्यांचं नातं नावापुरतंच.

ही कल्पना कोणाची?

दोन वेगळ्या प्रवासांचा हा संगम आहे. बॅन्जोची मुळं पश्चिम आफ्रिकेत. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून, दांडी जोडून ही वाद्यं पुन्हा उभी केली. बॅन्जोबद्दल बोलताना हे आधी सांगितलं पाहिजे, कारण नंतरच्या कारखान्यांच्या जाहिरातींत त्या माणसांचा मागमूसही उरला नाही.

युकुलेलीचा प्रवास मदेइरा या पोर्तुगीज बेटावरून सुरू होतो. १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने मदेइराहून होनोलुलूला आलेल्या मजुरांमध्ये मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सान्तो हे तीन सुतार कारागीर होते. त्यांच्या गावाकडच्या छोट्या ‘माशेत’ वाद्यावरून हवाईत युकुलेली घडली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं, तिथल्या हवाई दालनाने लोकांना वेड लावलं आणि युकुलेली अमेरिकेत घरोघरी गेली.

या दोघींना जोडण्याचं श्रेय बहुतेकदा हवाईत जन्मलेल्या अल्विन कीच यांना देतात. १९१७ च्या सुमारास आपण हे वाद्य काढलं, असं ते सांगत. कॅलिफोर्नियातल्या जॉन बोलँडर यांचाही तसाच दावा होता. माझ्या मते या वादात फार अर्थ नाही; युकुलेलीचा आवाज सभागृहात पोचत नाही ही अडचण तेव्हा प्रत्येक वादकाची होती, आणि बॅन्जोचं पोट समोर तयार होतं. कीच यांचं खरं कर्तृत्व पुढचं आहे. ते इंग्लंडला गेले, ‘बॅन्जुलेली’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून घेतलं आणि लंडनमधून ही वाद्यं विकली.

ही वाद्यं ड्रमच्या कंपन्या का बनवत होत्या?

कारण बॅन्जो-युकुलेली हा मुळात तारा लावलेला छोटा ड्रमच आहे. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. वाद्य पारखताना, दुरुस्त करताना, जपताना आधी त्यातला ड्रम बघायचा, मग तारा.

ही परंपराही जुनी आहे. १८४० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये विक्रीसाठी बॅन्जो बनवणारे विल्यम बाउचर हे ड्रम बनवणारेच होते. स्क्रूने कातडं ताणायची ड्रमची पद्धत त्यांनी बॅन्जोला लावली. १९२० च्या दशकात शिकागोची लुडविग कंपनी बॅन्जोच्या धंद्यात उतरली. लाकडी कडी वाकवायचे साचे, हूक आणि नट पाडायची यंत्रं, निकेलचा मुलामा द्यायच्या टाक्या, कातड्याचा साठा हे सगळं त्यांच्याकडे आधीपासून होतं. शिकागोच्याच स्लिंगरलँडची वाट नेमकी उलटी: ते आधी युकुलेली आणि बॅन्जो विकत, आणि लुडविग आपल्या धंद्यात आल्यावर तेही ड्रम बनवू लागले. गिब्सन मात्र मिशिगनमधल्या कॅलामझूची तंतुवाद्यांची कंपनी. त्यांच्या बॅन्जो-युकुलेलींना यूबी-१, यूबी-२ अशी नावं असत.

लुडविगची सगळ्यात गाजलेली बॅन्जोलेली वेन्डल हॉल या गायकाच्या नावाची आहे. १९२३ मध्ये त्याच्या एका गाण्याची तबकडी तुफान खपली होती.

गोल कडं कसं बनवायचे?

चांगल्या वाद्यात कडं मेपलचं असतं. मेपल घट्ट वीणीचं, कठीण लाकूड. त्याच्या काही मिलिमीटर जाडीच्या लांब पट्ट्या कापायच्या, वाफेवर किंवा गरम पाण्यात नरम करायच्या आणि लोखंडी साच्याभोवती वाकवायच्या. पट्टीची दोन्ही टोकं तिरकी तासलेली असत, म्हणजे ती एकमेकांवर सपाट बसतात आणि सांध्याचा उंचवटा येत नाही. एकावर एक थर सरसाने चिकटवून, शिकंज्यात घट्ट आवळून वाळवायचे. प्रत्येक थराचा सांधा वेगळ्या जागी ठेवायचा, नाहीतर कडं तिथेच कमजोर राहतं. मग लेथवर फिरवून कडं अगदी गोल करून घ्यायचं.

हे ‘अगदी गोल’ महत्त्वाचं आहे. कडं किंचित लंबगोल झालं तरी कातड्याचा ताण सगळीकडे सारखा होत नाही. जुनं वाद्य बघताना मी पहिल्यांदा फुटपट्टीने आडवा आणि उभा व्यास मोजते. दोन्हींत डोळ्याला दिसण्याइतका फरक असेल, तर बाकीची चमकधमक बघायची गरज नाही.

व्यास साधारण ६ ते ८ इंच. ६ इंची वाद्याचा आवाज टोकदार आणि थोडा नाकातला, ८ इंचीचा भरदार.

आणि दांडी?

मेपल, महोगनी किंवा अक्रोडाच्या एका तुकड्यातून दांडी कोरतात. वर पडद्यांची पट्टी, बहुधा शिसवीच्या जातीच्या लाकडाची किंवा आबनुसाची, आणि स्वस्त वाद्यांत नुसतं काळं रंगवलेलं लाकूड. पडद्यांच्या जागा गणिताने ठरतात: उरलेल्या तारेची लांबी १७.८१७ ने भागायची, आलेल्या अंतरावर पुढचा पडदा. ३४० मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा १९ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, १७० वर. इतक्या आखूड तारेत अर्ध्या मिलिमीटरची चूकही कानाला टोचते.

दांडी कड्याला नुसती चिकटवलेली नसते. दांडीच्या बुंध्यात एक लाकडी काठी बसवलेली असते. ती कड्याच्या आतून व्यासभर जाऊन पलीकडच्या बाजूला स्क्रूने आवळली जाते. रेझोनेटर, म्हणजे मागची लाकडी थाळी, काढून आत पाहिलं की ही काठी दिसते. माझ्या दृष्टीने वाद्यातली ही सगळ्यात बोलकी जागा. कारखान्याचा शिक्का, अनुक्रमांक, कधी पेन्सिलीने लिहिलेला आकडा जिवंत असतो तो इथे, कारण इथे कोणाचा हात लागलेला नसतो.

कातडं कसं चढवतात?

पूर्वी वासराचं कातडं वापरत, केस काढून, ताणून वाळवलेलं, कमावलेलं नाही. उजेडासमोर धरलं तर त्यात केसांच्या मुळांचे बारीक ठिपके आणि पाठीच्या कण्याची किंचित गडद रेघ दिसते. एकाही कातड्याची ही नक्षी दुसऱ्यासारखी नसते.

कातडं गार पाण्यात अर्धा तास भिजवायचं. गरम पाणी चुकूनही नको, त्याने ते आकसून वाया जातं. ओल्या फडक्यासारखं लुळं झालं की कड्यावर पसरायचं आणि त्यावर तारेची एक रिंग ठेवायची. कडेला उरलेलं कातडं त्या रिंगवरून आत, वरच्या दिशेने दुमडायचं. त्यावर जाड पितळी किंवा पोलादी ताणपट्टी बसवायची आणि ती हुकांनी खाली ओढायची. दुमडलेलं कातडं रिंग आणि ताणपट्टी यांच्या फटीतून वर डोकावतं; ते पकडीने सगळीकडून सारखं ओढून सुरकुत्या काढायच्या. बारीक तोंडाची नाही, रुंद तोंडाची पकड घ्यावी, नाहीतर कातडं टोकाशी फाटतं.

इथे सगळ्यांना घाई होते. ओलं कातडं हुकांनी करकचून ताणायचं नाही. वाळताना ते आपणहून आकसतं आणि स्वतःच ताणलं जातं. म्हणून पट्टी थोडी उंचावर सोडून द्यावी, सावलीत एक-दोन दिवस ठेवावं, उन्हात किंवा पंख्याखाली नाही. पूर्ण वाळल्यावर टिचकी मारली की कागदासारखा नाही, घट्ट ‘टण्ण’ असा आवाज येतो. मग धारदार पात्याने वरचं उरलेलं कातडं कापायचं आणि आता कुठे हूक आवळायला घ्यायचे.

आवळायचे तेही गोलाकार ओळीने नाही. एक हूक पाव फेरा, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग काटकोनातला. प्रत्येक हुकाजवळ बोटाने टिचकी मारून स्वर ऐकायचा. तबल्याची सोळा घरं एका स्वरात आणताना जे करतात तेच इथे, फक्त हातोडीच्या जागी पाना.

टोन रिंग आणि रेझोनेटरचा उपयोग काय?

टोन रिंग म्हणजे कड्याच्या वरच्या काठावर, कातड्याखाली बसवलेलं धातूचं कडं. कातडं लाकडाऐवजी धातूवर टेकतं, त्यामुळे आवाज अधिक झळाळतो. रेझोनेटर ही मागची लाकडी थाळी. मागे जाणारा आवाज ती पुढे फेकते आणि वाजवणाऱ्याच्या पोटावर कापड घासून दबलेला आवाज मोकळा होतो. खोलीत एकट्याने वाजवायचं असेल तर रेझोनेटर नसलेलं वाद्य मला जास्त आवडतं, स्वर जरा मऊ राहतो.

आवाज इतका मोठा, पण लगेच का विरतो?

कातडं हलकं असतं. तारेची कंपनं घोडीतून (तारांखालच्या छोट्या लाकडी तुकड्यातून) त्यात उतरली की ते हवेला जोरात ढकलतं, म्हणून आवाज मोठा. पण तारेतली ऊर्जा तेवढ्याच लवकर संपते. लाकडी युकुलेलीत ती सावकाश खर्च होते. म्हणूनच या वाद्यावर मींड किंवा लांब स्वर शोधू नयेत. ते लयीचं वाद्य आहे.

तारा कोणत्या आणि लावणी कशी?

मूळच्या तारा आतड्याच्या असत. नायलॉन दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. आज नायलॉनच्या किंवा फ्लोरोकार्बनच्या युकुलेलीच्या तारा लावाव्यात. पोलादी तारा लावू नयेत, एवढ्या ताणासाठी ही दांडी बनवलेली नसते.

पांढरी एकला (पेटीवरच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे पाश्चात्त्य C ला) सा धरला तर चार तारा प, सा, ग, ध अशा येतात. वाजवणाऱ्याच्या नाकाजवळची पहिली तार जाड आणि खर्जाची नसते, तीही त्याच सप्तकातली असते. गिटारवाल्यांना याची सवय करावी लागते. १९२० आणि ३० च्या दशकांत हीच लावणी पांढरी दोनवरून जास्त वापरात होती, आणि जुन्या वाद्याचा आवाज तिथे खुलतो. तेव्हाच्या छापील गाण्यांवर असलेल्या बोटांच्या आकृत्याही बऱ्याचदा त्याच लावणीच्या आहेत.

घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी राहते. बाराव्या पडद्यापासून तिचं अंतर दांडीच्या टोकापासून बाराव्या पडद्याइतकंच हवं. तारा बदलताना एकेक बदलावी, सगळ्या एकदम काढल्या की घोडी पडते आणि जागा पुन्हा शोधावी लागते.

जॉर्ज फॉर्म्बी हे नाव सतत का येतं?

इंग्लंडमध्ये हे वाद्य आणि फॉर्म्बी ही दोन नावं वेगळी करता येत नाहीत. लँकशायरच्या विगन गावचा हा विनोदी गायक (१९०४–१९६१) १९३० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या कलाकारांपैकी होता. त्याच्या उजव्या हाताचा झपाटा आजही वादक हळू गतीत ऐकून समजून घेतात: तो ठोके असे तोडतो की एका हाताच्या जागी दोन हात वाजवताहेत असं वाटतं. वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी तो वेगवेगळ्या स्वरांत लावलेली वाद्यं जवळ ठेवत असे. लंडनच्या डॅलस कंपनीने त्याच्या नावाच्या बॅन्जोलेली विकल्या. त्याच्या चाहत्यांची संस्था १९६१ पासून आहे आणि ब्लॅकपूलला जमते.

आपल्याकडच्या वाचकांना आवडेल असा एक धागा: क्वीन बँडच्या १९७४ च्या अल्बममध्ये ब्रायन मे यांनी बॅन्जो-युकुलेली वाजवली आहे, आणि ती ज्या गाण्यात ऐकू येते ते लिहिलं होतं पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीने.

वाद्य किती जुनं आहे हे कसं ओळखायचं?

एका खुणेवर भरवसा ठेवू नका, चार-पाच खुणा एका काळाकडे बोट दाखवतात का ते पाहा.

धातूचा रंग बघा. निकेलच्या मुलाम्याला किंचित पिवळसर, उबदार झाक असते आणि वयानुसार तो धुरकट होतो. क्रोम निळसर आणि आरशासारखा असतो. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. स्क्रूची डोकी बघा: अधिक चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचे, त्यामुळे १९२५ चं म्हणून दाखवलेल्या वाद्यावर ते असतील तर तिथे नंतर कोणीतरी हात घातला आहे. कातडं प्लास्टिकचं असेल तर ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचं. अनुक्रमांक असला तरी बहुतेक छोट्या निर्मात्यांच्या वह्या आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून साल सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहावं.

वापराच्या खुणा मला या सगळ्यांहून विश्वासार्ह वाटतात. उजव्या हाताची बोटं टेकतात तिथे कातड्यावर तपकिरी डाग, पहिल्या तीन पडद्यांवर तारांनी पाडलेल्या खाचा, दांडीच्या मागे अंगठ्याने उडालेलं पॉलिश. या तिन्ही खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

माथ्यावर नाव आहे, म्हणजे त्यांनीच बनवलं का?

नेहमी नाही. लंडन आणि बर्मिंगहॅममधले कारागीर दुकानदारांसाठी वाद्यं बनवून देत आणि दुकानदार आपलं नाव घालत. अ‍ॅबट, विंडसर, जॉन ग्रे, बार्न्स अँड मलिन्स, डॅलस ही नावं वारंवार दिसतात. यातले काही बनवणारे होते, काही मुख्यतः विकणारे. नावापेक्षा कड्याचे थर, हुकांची घडण आणि आतली काठी यांवरून वाद्याचा दर्जा ठरवावा.

आपल्या हवेत हे वाद्य टिकतं का?

टिकतं, पण पावसाळ्यात वेगळ्या शिस्तीने. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर कातडं ओल ओढून घेतं, सैल पडतं, घोडी खाली बसते आणि तारा पडद्यांना घासून खरखरतात. अशा वेळी हात हुकांकडेच जातो. थोडं आवळायला हरकत नाही, पण जुलैमध्ये कोरड्या दिवसांसारखा आवाज काढायच्या नादात आवळत गेलात, तर ऑक्टोबर हीटमध्ये तेच कातडं आकसून कडेशी फाटतं. पावसाळ्यात आवळलंत तर पाऊस ओसरताना तेवढंच सैल करा. त्याऐवजी त्या चार महिन्यांपुरती दोन-तीन मिलिमीटर उंच घोडी वापरावी, हा माझा सल्ला. विदर्भात मे महिन्यात उलटं: वाद्य खिडकीजवळ किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नये.

पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला. वाद्यावर सेल्युलॉइडचं काम असेल, म्हणजे मोत्यासारखी चकाकणारी पट्टी किंवा कासवाच्या पाठीसारखी नक्षी, तर पेटी कायम बंद ठेवू नका. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचे हूक आणि पडदे गंजवतं. पेटी उघडल्यावर कापरासारखा उग्र दर्प आला तर तो भाग आधी तपासा. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, त्यामुळे त्याच्याजवळ सोल्डरिंग करू नये.

प्लास्टिकचं कातडं बसवू का?

रोज वाजवायचं, प्रवासात न्यायचं असेल तर बसवा. ते ओल धरत नाही. मात्र जुनं कातडं धड असेल तर ते काढू नका. डाग पडले, पिवळं झालं एवढ्यावरून कातडं निकामी ठरत नाही. फाटलंच असेल तर तबल्याच्या पुड्या बनवणाऱ्यांकडे शेळीचं कोरं कातडं मिळतं. एकसारख्या जाडीचं, पातळ बघून घ्यावं. शाई (मधला काळा गोल) नको आणि दुपदरी चाटही (काठावरची दुसरी कातडी पट्टी) नको, नुसतं साधं कातडं मागावं. ते वासराच्या कातड्यापेक्षा थोडं मऊ बोलतं.

साफसफाई आणि दुरुस्ती घरी करता येईल का?

धूळ कोरड्या मऊ ब्रशने, कातड्यावरचा मळ पांढऱ्या खोडरबराने, हलक्या हाताने. कातड्याला ओलं फडकं लावू नका. निकेल पितळी भांड्यांच्या पावडरने घासू नका, मुलामा पातळ असतो. हुकाचे आटे गंजले असतील तर मशीन ऑइलचा एक थेंब टाकून रात्रभर थांबावं. जोर लावला की हूक तुटतो आणि त्या मापाचा दुसरा मिळायला जीव मेटाकुटीला येतो.

सुटलेला सांधा एपॉक्सीने कधीही चिकटवू नका. मूळ जोड सरसाचा असतो, तो उष्णतेने आणि ओलाव्याने सोडवून पुन्हा जोडता येतो. एपॉक्सी लावलं की पुढच्या कारागिराची वाट बंद होते. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर खुंट्या बसवण्यात आणि पडद्यांच्या कामात वाकबगार आहेत. खुंटी घसरत असेल तर अशा हाताकडे नि:शंक द्यावं.

डावखुऱ्यांसाठी वेगळं वाद्य लागतं का?

लागत नाही. पोट गोल आणि दोन्ही बाजूंनी सारखं, घोडी सरळ, आणि चारही तारांच्या जाडीत फार फरक नसतो. तारा उलट्या क्रमाने लावा आणि दांडीच्या टोकावरच्या खाचांत त्या नीट बसतात ना तेवढं पाहा. एखादी तार खाचेत अडकत असेल तर ती खाच बारीक कानसीने किंचित रुंद करावी, खोल करू नये. पडद्यांचे ठिपके दांडीच्या कडेला असतील तर ते खालच्या बाजूला जातील. दुसऱ्या कडेला खडूने खुणा करून काम भागतं.